जिन्यात कोण होतं?

१

ग्रंथालयाच्या दगडी जिन्यावरून कायद्याच्या पहिल्या वर्षाची ती मुलगी पडली, मनगट मोडून घेतलं, आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कॉलेजने निकाल देऊनही टाकला: कुत्रा बिघडला. निकाल द्यायला लोकांना पुरावा थोडाच लागतो! मुलगी जन्मापासून आंधळी, कुत्रा तिचा वाटाड्या. आता वाटाड्याच जिन्यात वाट सोडून आडवा जायला लागला तर त्याला ठेवायचं कशाला, असं प्राचार्यांनासुद्धा वाटायला लागलं होतं.

वाटलं नाही ते एकट्या शंकाबाईंना.

शंकाबाई तर्कशास्त्र शिकवायच्या. "पण कशावरून?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कुत्रा कॉलेजात आला तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं याचे नियम ठरवायला समिती नेमली होती. समिती म्हणजे बाईच. बाकीचे दोघे चहापुरते यायचे. त्या नियमांचा फलक प्रत्येक इमारतीच्या दारात लागला होता. कुत्र्याच्या पाठीवर हार्नेस, म्हणजे तो कडक मुठीचा पट्टा, चढलेला असेल तर कुत्रा कामावर आहे. हात लावू नका, खायला देऊ नका, वाट अडवू नका. बोलायचं तर मुलीशी बोला, कुत्र्याशी नको. "तुला नक्की काय झालंय?" असल्या चौकशा नकोत. आणि शेवटचा नियम: कुत्र्याचं खरं नाव विचारू नका. नाव कळलं की लोक हाक मारतात, आणि हाक आली की कुत्रा वळतो. म्हणून मुलगी सगळ्यांना "मोती" सांगायची. ते साफ खोटं होतं. खरं नाव या गोष्टीतही येणार नाही. नियम म्हणजे नियम.

ज्या संस्थेने कुत्रा दिला होता तिथला प्रशिक्षक फोनवर स्पष्ट बोलला. "शनिवारी येतो. कारण सापडलं तर सवय मोडता येते. नाही सापडलं तर कुत्रा परत नेणार. का चुकला ते माहीत नसलेल्या कुत्र्याच्या भरवशावर मी कुणाला रस्त्यावर सोडत नाही."

"आणि तिला दुसरा?" बाईंनी विचारलं.

"रांग लांब आहे, बाई. तिचं कॉलेज संपेल तोवर."

फोन ठेवून बाई तडक कॉलेजच्या दवाखान्यात गेल्या. मुलगी पलंगावर बसली होती, हात गळ्यात. हार्नेस खुंटीला, आणि मोती तिच्या पायाशी.

"सांग. सगळं सांग. फालतू वाटेल तेसुद्धा."

"वाचनाच्या खोलीतून खाली येत होते. रोजच्यासारखीच, उजव्या कठड्याने. जिन्याच्या मधल्या सपाट चौकात तो रोज जरा मान खाली घालतो, मूठ हलकी होते, मग परत नीट चालतो. मला वाटायचं, पायरी हुंगतो. आज त्या चौकाच्या वरच त्याने एकदम डावीकडे ओढलं. तिकडे कठडा नाही. माझा पाय हवेत गेला."

"ओढलं म्हणजे घाबरून?"

"नाही ना! तेच तर. मी खाली पडलेय, आणि याची शेपटी फरशीवर धपधप आपटतेय. आनंदाने." ती थांबली. "बाई, अजून एक. कोणाला सांगितलं नाही, वेडी म्हणतील."

"मी नाही म्हणणार."

"तिथे कोणीतरी होतं. अगदी जवळ. मला श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, कोण आहे? दोनदा विचारलं. आणि ते माणूस बोललंच नाही."

२

बाई काही विचारणार तेवढ्यात मुलीने मान वळवली. "बाबा आले."

बाईंना तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मग लांबून, व्हरांड्याच्या पार त्या टोकाकडून, बूट करकरल्याचा बारीक आवाज आला, वाढत वाढत दारापाशी थांबला, आणि आत एक उंच, वाकलेले गृहस्थ आले. कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको मुलगी लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्यांनीच हिला तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. शाळा संपेपर्यंत रोज कोपराला धरून नेलं-आणलं. मुलीनेच शेवटी अट घातली: कॉलेजला जाईन तर एकटी, तू यायचं नाहीस, मागे यायचं नाहीस, कोणाला लक्ष ठेवायलाही सांगायचं नाहीस. मुलगी हॉस्टेलवर राहायला आली, सुट्टीला तेवढी घरी जायची.

"दुखतंय का गं?" एवढंच ते बोलले.

मोती उठला, त्यांच्या कोटाच्या खिशात नाक खुपसायला लागला. त्यांनी त्याला हळूच बाजूला सारलं.

"लाडावलाय," बाई म्हणाल्या.

"छे! घरी त्याला हाताने कधी भरवत नाही. ताटलीत घालतो, तेही तिला विचारून. प्रशिक्षकांनी बजावलंय ना."

"बाई शोधून काढणार आहेत, बाबा. रोज त्याच चौकात मान खाली घालतो, पडले तेव्हा शेपटी हलवत होता. कोणीतरी याला चोरून खायला घालतंय," मुलगी म्हणाली.

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, पण कसली, ते बाईंना त्या वेळी कळलं नाही. "सापडेल का?" त्यांनी विचारलं.

"न सापडून जातो कुठे," बाई तोऱ्यात म्हणाल्या. तो तोरा पुढे त्यांना फार महागात पडला.

३

संशयित शोधायला लांब जावं लागलं नाही. ते स्वतःच चालत आले.

पहिले अर्थशास्त्राचे सर. कुत्र्याच्या केसांनी त्यांना शिंका यायच्या आणि त्यांनी प्राचार्यांकडे तीन पानी तक्रार केली होती. बाईंनी तोडगा काढला होता: कुत्रा वर्गाच्या या टोकाला, सर त्या टोकाला, दोघांनाही हक्क आहे.

"माझ्यावर संशय येणारच," सर नाक पुसत म्हणाले. "कुत्रा नको झालाय मला, लपवून काय करू? पण पोरगी पडावी असं मला वाटेल? मला दोन मुली आहेत हो."

"त्या वेळी कुठे होतात?"

"वर्गात. शिंकत होतो. साक्षीला अख्खा वर्ग आहे!"

दुसरा कँटीनवाला. त्याचा मोतीवर असा जीव की मोती दिसला की हातातला झारा तसाच राहायचा. "आई शपथ, बाई, एक तुकडा नाही दिला. मन होतं, खोटं कशाला बोलू? पण तुमचा फलक माझ्या गल्ल्यासमोरच लावलाय ना तुम्ही! आणि दिला असता तरी त्याने मला विचारलं असतं का? महिनोन्महिने 'मोती, मोती' करतोय. ढुंकून बघत नाही. पक्का नोकरीवाला आहे तो."

तिसरी, मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीत राहणारी मैत्रीण. तिला खरं नाव माहीत, कुत्र्याच्या जेवणाचा डबा तिच्याच कपाटाशेजारी, आणि बाईंनी विचारताच ती रडायला लागली.

"एकदा दिलं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "अगदी सुरुवातीला. बिस्किटाचा कोपरा. तिने मला इतकं झापलं की दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर देवाशपथ नाही."

बाईंनी चौकशी तिथेच थांबवली आणि कुत्र्यालाच विचारायचं ठरवलं. कसं? साधं आहे. जो चोरून खाऊ घालतो त्याच्याकडे कुत्रा ओढ घेणारच. मुलीने चांगल्या हातात मूठ धरली, बाई मागे पावलाच्या अंतरावर, आणि वरात निघाली. कँटीनवाला मुद्दाम समोर येऊन उभा राहिला. मोतीने त्याला वळसा घातला. सरांनी शिंकून सलामी दिली. कान हलला नाही. मैत्रीण अगदी हाताच्या अंतरावरून गेली. मोतीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालला.

मग ते ग्रंथालयाच्या जिन्याशी आले, वर गेले, आणि उतरताना मधल्या चौकात मोतीने मान खाली घातली.

तिथे कोणीच नव्हतं. भिंत आणि ताज्या रंगाचा वास, बस्स.

४

"इथे काय असतं एरवी?" मुलीला हॉस्टेलवर पाठवल्यावर बाईंनी खाली दारावरच्या रखवालदाराला हाक मारून विचारलं.

"बाक असतो, बाई. रंगाचं काम काढलं म्हणून ती मुलगी पडली त्याच दिवशी सकाळी पलीकडे सरकवला. तो काय."

बाईंनी पाहिलं. बाक आता डावीकडे होता, कठडा नसलेल्या बाजूला. म्हणजे कुत्रा बिघडला नव्हता. त्याचं दुकानच पलीकडे हललं होतं, आणि तो बिचारा गिऱ्हाइकासारखा सरळ तिकडे गेला होता.

"बाकावर कोण बसतं?"

"बसतात कोण कोण. पण रोजचे म्हणाल तर ते बाहेरचे वाचक. कार्ड काढलंय त्यांनी. पेपर घेऊन बसतात दुपारी. ती मुलगी गेली की तेही उठतात. गरीब माणूस, त्रास काही नाही. जरा विचित्र आहेत एवढंच."

"विचित्र कसे?"

"बूट हातात घेऊन चालतात. मी विचारलं एकदा, काका, काय झालं? म्हणाले, चावतात पायाला. अहो, रोज चावतात तर नवे घ्या की! पण नाही. उन्हात, तापल्या फरशीवरून, अनवाणी. टोपी खाली ओढलेली, गळ्याला मफलर."

"कुत्र्याला काही देताना पाहिलंत?"

रखवालदाराने खाली पाहिलं. "देताना नाही. पण एकदा मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती तेव्हा त्यांनी कुत्र्याच्या कानाशी काहीतरी म्हटलं. बारीकसं. तर कुत्र्याने असे कान टवकारले, बाई! आम्ही मोती मोती करून थकलो, आमच्याकडे कधी बघितलं नाही त्याने."

बाई बाकावर बसल्या.

त्यांच्या डोक्यात सगळं एका ओळीत लागत होतं, आणि लागू नये असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं. कान टवकारले म्हणजे त्या माणसाला खरं नाव ठाऊक. खरं नाव चौघांनाच ठाऊक होतं: मुलगी, प्रशिक्षक, मैत्रीण, आणि... बरं, ते राहू दे. बूट. माणूस बूट हातात का घेतो? कुत्र्याला बुटांचं सोयरसुतक नाही. ग्रंथालयातही बूट चालतात. पायांचा आवाज होऊ नये अशी धडपड कोण करेल? ज्याची चाल ती मुलगी लांबून ओळखते तो. मैत्रिणीला लपायचं कारण नाही. ती राजरोस बरोबर चालते. प्रशिक्षक गावातच नव्हता. उरला तो एकच, ज्याने येणार नाही असा शब्द दिला होता आणि ज्याचे बूट व्हरांड्याच्या त्या टोकाला करकरले की ती म्हणायची, बाबा आले.

आणि तोच माणूस, पोटची पोर पायाशी पडून "कोण आहे?" विचारत असताना, अगदी शेजारी गप्प उभा होता.

५

बाई त्यांच्या घरी गेल्या. एकट्याने राहणाऱ्या पुरुषाचं असावं तसं नीटनेटकं, उदास घर. त्यांनी दार उघडलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खुर्ची पुढे केली.

"मला वाटलंच होतं, तुम्ही याल."

"का केलंत असं?"

"बाई, तिला आयुष्यभर धरून चाललो. एक दिवस ती म्हणाली, सोड. सोडलं. घरी येऊन बसलो तर हे हात कुठे ठेवायचे ते कळेना." त्यांनी तळवे पुढे केले, परत मांडीवर ठेवले. "मित्राकडे पत्ते खेळायला जातो असं तिला सांगायचो. आणि तिकडे यायचो. नुसता बघायला, देवाशपथ. पहिल्याच दिवशी कुत्र्याने मला ओळखलं. थांबला. ती म्हणते, चल ना, काय झालं? माझी पाचावर धारण बसली. खिशात बिस्कीट होतं, त्याच्या तोंडाशी धरलं. खाल्लं आणि निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून मान खाली घातली. मग काय करणार? न द्यावं तर तो हलेना."

"आणि रस्त्यात?"

कॉलेज आणि हॉस्टेलच्या मध्ये मोठा रस्ता होता. तो मुलगी रोज ओलांडायची.

"गाड्या सुसाट येतात, बाई. कधी कधी मी मध्ये जायचो, हात करायचो. थांबायच्या. ती पलीकडे जायची, आणि तिथे गेल्यावर अशी ताठ उभी राहायची... मला इतका आनंद व्हायचा."

बाईंनी डोळे मिटले. रागवायला आल्या होत्या. राग कुठल्या कुठे गेला होता.

"पडली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तोंड उघडलं होतं. आवाजच निघाला नाही. बोललो असतो तर तिला सगळंच कळलं असतं ना. एकटीने केलेलं सगळंच गेलं असतं तिचं." ते एकदम पुढे झुकले. "तिला सांगू नका. पाया पडतो. म्हणा, काही सापडलं नाही. कुत्रा गेला तर मी परत तिला नेईन, आणीन. धरून."

"तेच तिला नकोय," बाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे हो."

बाईंनी फार विचार केला, पण वाट निघेना. गप्प बसावं तर कुत्रा जातो आणि मुलगी पुन्हा कुणाच्या तरी कोपराला. बोलावं तर बाप जातो. आयुष्यभर मुलांना दोन पर्यायांतला बरोबर पर्याय निवडायला शिकवलं, आणि इथे दोन्ही चूक.

"शनिवारी तुम्ही स्वतः सांगा," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या तोंडून ऐकायला लावू नका तिला."

६

शनिवारी प्राचार्यांच्या खोलीत पाच माणसं आणि एक कुत्रा होता. वडिलांनी सांगितलं. बिस्कीट सांगितलं, बाक सांगितला, बूट सांगितले. रस्त्यातला हात तेवढा सांगितला नाही. तो त्यांनी गिळला, आणि बाईंनी गिळू दिला.

प्रशिक्षकाने सुस्कारा टाकला. "म्हणजे कुत्रा चांगला आहे. शिकवलं तेच केलं त्याने, फक्त शिकवणारे दोन होते. सवय मोडता येईल. पण अट आहे. वर्षभर या गृहस्थांचा वाससुद्धा त्याला लागता कामा नये. भेट नाही, घरी जाणं नाही. लांबून वास आला तरी तो वाट सोडेल, आणि पुढच्या वेळी जिना नसेल, रस्ता असेल."

"म्हणजे सुट्टीतही?" प्राचार्यांनी विचारलं.

"सुट्टीतही. कुत्रा हवा असेल तर."

सगळे मुलीकडे बघत होते, आणि बहुतेक तिलाही ते जाणवत होतं. ती बोलली तेव्हा आवाज चढला नाही.

"बाबा, मी दोनदा विचारलं, कोण आहे."

"हो बाळ."

"मी घाबरले होते. मला वाटलं, कोणीतरी उभं राहून मजा बघतंय. आणि तू होतास."

"मी होतो."

"एवढंच म्हणायचं होतंस की रे." ती म्हणाली. "मी चिडले असते, भांडले असते. एवढंच म्हणायचं होतंस."

वडील रडायला लागले, आवाज न करता, सवयीने. मोती उठून त्यांच्याकडे जायला निघाला. मुलीने गळ्याचा पट्टा खेचला. "नाही," ती म्हणाली. कुत्र्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खाली बसला. मग तिने प्रशिक्षकाकडे तोंड वळवलं. "मला अट मान्य आहे."

वडिलांनी मान डोलावली. कुणाला दिसावी म्हणून, कोण जाणे.

७

कॉलेजने बाईंचं कौतुक केलं. कँटीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "मानलं तुम्हाला!" आणि शिंकले. बाईंना त्यातलं काहीच गोड लागलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी मुलगी त्यांच्या खोलीत आली. मोती खुर्चीशी बसला. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली, पुस्तकांबद्दल, परीक्षेबद्दल. मग म्हणाली, "बाई, एक विचारू?"

"विचार."

"जिन्याचं कळलं. पण बाबा रोज मागे असायचा ना, अगदी हॉस्टेलपर्यंत? मग तो रस्ता... तो मी ओलांडत होते का? का तो गाड्या थांबवत होता आणि मला वाटत होतं की मीच ओलांडतेय? पहिल्या दिवशी एकटीने पलीकडे गेले तेव्हा खोलीवर जाऊन नाचले होते मी. आता मला कसं कळणार, त्या दिवशी कोण होतं?"

शंकाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना उत्तर माहीत होतं. हा एकच प्रश्न असा होता की ज्याचा तपास पूर्ण झाला होता आणि निकाल सांगायचा नव्हता.

"तूच ओलांडत होतीस," त्या म्हणाल्या. "एकटी."

मुलीने मान जराशी कलती केली. माणसं ती आवाजावरून वाचायची, आणि बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती.

"बरं," ती म्हणाली. आणि उठली. हार्नेस चढवला, मूठ धरली आणि गेली.

बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मुलगी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याच्या कडेला थांबली. गाड्या गेल्या. रस्ता मोकळा झाला, मोतीने पाऊल पुढे टाकलं, पण तिने त्याला थांबवलं. पुन्हा गाड्या आल्या, पुन्हा रस्ता मोकळा झाला. ती तशीच उभी, मान वळवून आधी उजवीकडे, मग मागे, कान देऊन ऐकत. कुत्रा तिच्याकडे वर बघत होता. बाईंना खाली धावत जाऊन तिचा हात धरावासा वाटला, आणि तेच करायचं नव्हतं, म्हणून त्या खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या, आणि ती काही केल्या पाऊल टाकेना.